जनावरांचा डॉक्टर दुर्गम तालुक्यात टिकावा कसा?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांसाठी जाहिरात काढली. पशुवैद्यकीय पदवी घेतलेल्या तरुणांना या भरतीची प्रतीक्षा होती आणि पशुपालकांनाही. मात्र जाहिरात निघाली, परीक्षा झाली, यादी लागली, म्हणजे गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर बसला असे होत नाही. यादीतला उमेदवार भामरागडला रुजू होईल का, धडगावला कुटुंब घेऊन राहील का, धारणीत तीन पावसाळे काढील का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही जाहिरातीत नसतात. भरतीपुढचा खरा प्रश्न टिकण्याचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना पैशाचा विषय टाळून चालणार नाही.

गरज किती आहे, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, असे सुचवले. एक गाय किंवा एक म्हैस म्हणजे एक पशुघटक आणि दहा शेळ्या-मेंढ्या मिळून एक, असे त्याचे ढोबळ माप आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश, ५६ लाख म्हशी, १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या आहेत. मापाने भागले की सुमारे ४,२०० पशुवैद्यकांची गरज निघते. राज्यात गुरांचे दवाखाने साडेचार हजारांहून अधिक आहेत, पण त्यांतल्या बहुसंख्य श्रेणी-२ च्या दवाखान्यांचा भार पदविकाधारक पर्यवेक्षकांवर आहे. पदवीधर डॉक्टर असतो तो श्रेणी-१ च्या दवाखान्यात.

हा आकडा राज्याचा आहे आणि राज्याची सरासरी गडचिरोलीतल्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. बारामती, राहाता, करवीर या पट्ट्यात एका फोनवर मोटारसायकलवरून डॉक्टर येतो. त्यातले बरेचसे खासगी व्यवसाय करणारे किंवा दूध संघाच्या सेवेतले असतात. एटापल्ली, अक्राणी किंवा मोखाड्यात तोच फोन लावला तर पलीकडचा माणूस आधी रस्ता विचारतो. दोन्हीकडे जनावरे आहेत, दोन्हीकडे आजार आहेत. फरक आहे तो जनावराच्या किमतीत.

बाजार तिथे का जात नाही

दिवसाला वीस लिटर दूध देणारी संकरित गाय आजारी पडली तर तिचा मालक हजार रुपये व्हिजिट फी देताना फार विचार करत नाही. गाय दोन दिवस दूध आटवून बसली तरी त्याचे त्याहून अधिक नुकसान होते. म्हणून दुधाच्या पट्ट्यात खासगी पशुवैद्यकाचा संसार नीट चालतो. शहरात तर कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांनी वेगळेच अर्थकारण उभे केले आहे. वातानुकूलित खोली, ठरलेल्या वेळा, रविवारची सुट्टी आणि रोख फी. पदवी हाती पडलेल्या तरुणाने तिकडे वळावे, यात गैर काही नाही.

दुर्गम भागातले गणित उलटे आहे. समजा, जव्हारच्या पाड्यावर एका कुटुंबाकडे चार शेळ्या आहेत. एकेकीची किंमत आठ-दहा हजार रुपये. शेळीला जुलाब लागले, नाक वाहू लागले, तर पीपीआरची शंका घ्यायला हवी. पण सर्वात जवळचा डॉक्टर पंचवीस किलोमीटरवर आहे. त्याच्या जाण्यायेण्याचे पेट्रोल, अर्ध्या दिवसाचा वेळ आणि औषधे यांचा खर्च धरला तर तो शेळीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाला जाऊन भिडतो. मालक डॉक्टरला बोलवत नाही, ते अडाणीपणामुळे नव्हे. त्याचा हिशेब चोख असतो. त्या हिशेबात डॉक्टरचे पोट भरत नाही, म्हणून डॉक्टरही तिथे दवाखाना थाटत नाही. नांगराचे बैल, गावठी गायी, शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या असलेल्या प्रदेशात बाजार आपोआप पशुवैद्यक आणून देईल, ही आशा म्हणूनच फोल आहे. ती दरी सार्वजनिक पैशानेच भरावी लागते.

या दरीचा अर्थ मात्र तिथल्या जनावराचे मोल कमी, असा नाही. बँकेत खाते असले तरी ज्यांच्या अडीअडचणीला शेळी विकूनच पैसा उभा राहतो, त्यांच्यासाठी चार शेळ्यांपैकी दोन गेल्या म्हणजे निम्मी पुंजी गेली. पेरणीच्या तोंडावर बैल बसला तर त्या वर्षीचे शेत पडीक राहण्याची भीती. बाजारात ज्या जनावराची किंमत कमी, तेच घरासाठी सर्वात मोलाचे, अशी ही विचित्र स्थिती आहे.

उशिराची किंमत

पशुवैद्यकशास्त्रात अनेक आजारांचे घड्याळ फार वेगाने चालते. गाय अडली, वासरू आडवे आले, तर काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. पोटफुगीत कधी कधी तेवढाही वेळ मिळत नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईला दुग्धज्वर झाला की रक्तातले कॅल्शियम झपाट्याने घटते, ती मान पोटाकडे वळवून बसते आणि उठत नाही. शिरेतून कॅल्शियम दिले तर हीच गाय थोड्या वेळात उभी राहिलेली दिसते. पण ते हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावे लागते. घाईने सोडले तर हृदय बंद पडू शकते. म्हणजे जे औषध जीव वाचवते, तेच अशिक्षित हाताने जीव घेते. माजाचेही तसेच. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि कृत्रिम रेतनासाठी योग्य वेळ काही तासांचीच असते. ती वेळ हुकली की तीन आठवडे खाणे-पिणे वाया.

पात्र डॉक्टर नसतो तिथे जागा रिकामी राहत नाही. ती कोणीतरी भरतो. पिशवीत दोन-चार इंजेक्शने घेऊन फिरणारा माणूस गावात लोकप्रिय असतो, कारण तो येतो. रात्रीही येतो. ताप असो, कासदाह असो की खाणे बंद झालेले असो, त्याच्याकडे बहुधा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचीच जोडी असते. मात्रा अपुरी, दिवस अपुरे आणि औषध दिल्यावर किती दिवस दूध विकू नये हे सांगणारे कोणी नाही. अशा वापरातून औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात आणि ते गोठ्यातच थांबत नाहीत. अंतिम उपाय म्हणून माणसांसाठी राखून ठेवावे लागणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक केंद्र सरकारने २०१९ मध्ये जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी वापरायला बंदी घातली, ती याच धास्तीने. पण बंदीचा कागद गोठ्यापर्यंत पोहोचवायचा तर तिथे पात्र माणूस हवा.

आणखी एक बाजू थेट माणसाच्या आरोग्याची आहे. ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात हा आजार गाभडलेल्या जनावराच्या स्रावातून आणि कच्च्या दुधातून माणसाला होतो. पुन्हा पुन्हा येणारा ताप, सांधेदुखी, थकवा. अशा रुग्णावर महिनोन्महिने दुसऱ्याच आजाराचे उपचार होत राहतात. गोठ्यात एकापाठोपाठ एक जनावरे गाभडत आहेत, हे प्रथम पशुवैद्यकाच्या लक्षात येते. फाशी रोगाने मेलेले जनावर फाडू नये, हे तोच सांगतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाने बळी घेतले. तिथे मेलेले माकड ही धोक्याची पहिली घंटा असते. जनावरांच्या डॉक्टरची गैरहजेरी म्हणजे माणसांच्या आरोग्यव्यवस्थेचाही एक कान बंद असणे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पीचे पहिले जनावर आढळले आणि काही आठवड्यांत हा रोग राज्यभर पसरला. त्या धावपळीत आंतरवासिता करणारे विद्यार्थी आणि खासगी पशुवैद्यकही लसीकरणाला उतरवावे लागले. साथ आल्यावर माणसे गोळा करण्यापेक्षा ती आधीपासून तिथे असणे किती स्वस्त पडते, याचा धडा त्या पावसाळ्याने दिला.

इतर देश पैसा कसा वापरतात

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत पशुवैद्यकीय शिक्षण अतिशय महाग आहे आणि पदवी घेताना विद्यार्थ्याच्या डोक्यावर मोठे कर्ज असते. ते फेडण्यासाठी तो शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याकडे वळतो आणि गुरांचे डॉक्टर कमी पडतात. त्यावर २००३ मध्ये कायदा झाला आणि २०१० पासून कर्जफेडीची योजना सुरू झाली. प्रत्येक राज्याच्या पशुआरोग्य प्रमुखाने आपल्या राज्यातल्या टंचाईच्या जागा कळवायच्या, त्यांची यादी जाहीर व्हायची आणि त्या यादीतल्या ठिकाणी तीन वर्षे काम करण्याचा करार करणाऱ्या पशुवैद्यकाचे वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतचे कर्ज सरकारने फेडायचे, अशी या योजनेची मूळ रचना. यात एक गंमतही आहे. ही मदत करपात्र ठरली, त्यामुळे योजनेच्याच निधीतून ३९ टक्के रक्कम कर म्हणून सरकारकडे परत जाऊ लागली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले की तेवढ्याच निधीत कमी डॉक्टर बसतात, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षे चालू आहे.

न्यूझीलंडने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. ग्रामीण भागात गुरांवर उपचार करणाऱ्या नव्या पदवीधराला वर्षाला ११ हजार न्यूझीलंड डॉलर, जास्तीत जास्त पाच वर्षे. पण पैसा आधी मिळत नाही. तीन वर्षे काम केल्यावर पहिल्या तीन वर्षांचा हप्ता एकदम हाती येतो आणि नंतर दर वर्षी. म्हणजे बक्षीस येण्याचे नसून राहण्याचे आहे. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार दिले की, ज्या भागात गुरांचे डॉक्टर कमी आहेत तिथे ते यावेत आणि असलेले टिकावेत, यासाठी त्यांनी स्वतः अर्थसाह्य करावे. पुढे त्या भागात काम करण्याची हमी देणाऱ्या विद्यार्थ्यालाही मदत करता येते.

या तिन्ही देशांच्या योजना जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवी सरकारी महाविद्यालयांतून तुलनेने कमी शुल्कात मिळते. इथल्या पदवीधराच्या मानेवर अमेरिकेसारखे कर्जाचे जोखड नसते, तेव्हा कर्जमाफीचे आमिष इथे फारसे चालणार नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. टंचाईच्या जागा नावानिशी ठरवून जाहीर करणे ही पहिली. आणि टिकलेल्या वर्षांवर पैसा देणे ही दुसरी.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रात दुर्गम भागासाठी सवलती नाहीत, असे नाही. आदिवासी व नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी देण्याचा निर्णय २००२ मध्येच झाला. नक्षलग्रस्त भागासाठी त्याच निर्णयात मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता होता, पण त्याची कमाल मर्यादा १,५०० रुपये ठेवली होती. त्या काळी ही रक्कम काहीतरी होती. आज एवढ्यात मोटारसायकलचे महिन्याचे पेट्रोलही भागत नाही. शिवाय अशा सवलती सगळ्यांना सरसकट मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालयात बसणारा आणि पर्लकोटेच्या पुराने जगापासून तुटणाऱ्या भामरागडात राहणारा, दोघांसाठी भत्त्याचे सूत्र एकच. मग माणूस भत्ता घेऊन मुख्यालयाच्या जवळ सरकत जातो, यात नवल काय?

इतर खात्यांनी याहून नेमके प्रयोग केले आहेत. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ च्या धोरणाने शाळांची ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी विभागणी केली आणि अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षे काढलेल्यांना बदलीत प्राधान्य दिले. त्या याद्यांवरून वाद झाले, अजूनही होतात. तरी कोणते गाव अवघड, हे कागदावर ठरवता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. माणसांच्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या सेवेबद्दल पदव्युत्तर प्रवेशात अधिक गुण किंवा राखीव जागा अशी संधी मिळते. शेजारच्या छत्तीसगडने २००९ मध्ये ग्रामीण वैद्यकीय कोअर सुरू करून आरोग्य केंद्रांची अवघडपणानुसार प्रतवारी केली आणि जागा जितकी अवघड, तितका भत्ता जास्त, असे सूत्र लावले. पशुवैद्यकांच्या बाबतीत मात्र असा विचार अभावानेच होतो. केंद्राच्या सेवेतल्या पशुवैद्यकांना मूळ वेतनाच्या २० टक्के व्यवसायरोध भत्ता मिळतो, पण तोही पदाला जोडलेला आहे. दिल्लीत बसणाऱ्याला आणि सीमेवरच्या गावात असणाऱ्याला तो सारखाच.

‘१९६२’ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुचिकित्सालयांनी मोठी सोय केली, हे मान्य करायलाच हवे. गाडीत एक पशुवैद्यक, एक सहायक आणि चालक असतो. पण या योजनेचे माप एक लाख जनावरांमागे एक गाडी असे आहे. विखुरलेल्या पाड्यांच्या तालुक्यात एका गाडीला एका दिवसात किती ठिकाणी पोहोचता येईल? आणि गाडी आली तरी तिच्यात बसणारा डॉक्टर तालुक्यात राहणारा हवाच.

पैसा कुठे बांधायचा

म्हणून सुधारणेचे सूत्र एका वाक्यात मांडता येते : प्रोत्साहनाचा पैसा पदाला न बांधता जागेला आणि तिथे काढलेल्या वर्षांना बांधावा. सरसकट वेतनवाढ सर्वांनाच हवीशी वाटते, पण ती दिल्यावरही पुण्याजवळचा दवाखाना आणि पेरमिलीचा दवाखाना यांतले अंतर तेवढेच राहते. निवड करणाऱ्या तरुणाला दोन्हींत फरक दिसला पाहिजे.

त्यासाठी पशुसंवर्धन विभागाने दर वर्षी टंचाईच्या दवाखान्यांची यादी जाहीर करावी. निकष मोजता येण्याजोगे असावेत : किती जनावरे, किती वर्षे जागा रिकामी, जवळच्या दुसऱ्या डॉक्टरचे अंतर, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद, मोबाइलला रेंज आहे की नाही. या यादीतल्या जागांना दोन किंवा तीन श्रेणी द्याव्यात. मग प्रत्येक श्रेणीला वेगळा भत्ता. तो पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी वाढता असावा आणि त्यातला मोठा भाग वर्ष संपल्यावर द्यावा.

खर्चाची भीती दाखवली जाईल. समजा, अशा ३०० जागा निघाल्या आणि प्रत्येकीला सरासरी महिना २५ हजार रुपये जादा द्यायचे ठरले. वर्षाला एका जागेचे तीन लाख, ३०० जागांचे नऊ कोटी रुपये. लम्पीने दगावलेल्या दुभत्या गाईमागे सरकारने ३० हजार रुपये भरपाई दिली होती. त्या दराने नऊ कोटी म्हणजे तीन हजार गायींची भरपाई. साथ एकदा पसरली की तीन हजार हा आकडा किती लवकर मागे पडतो, हे राज्याने पाहिले आहे. मेलेल्या गाईसाठी जे सहज खर्ची पडते, ते जिवंत गाईसाठी खर्च करताना हात आखडू नये.

पैसा माणसाला आणतो, पण एकटा पैसा त्याला टिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांबाबत २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक शिफारशींचे सार हेच आहे. आर्थिक मोबदला, राहण्याची सोय, पुढच्या शिक्षणाची संधी आणि ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची निवड हे सगळे एकत्र केले तरच फळ मिळते. त्या शिफारशी माणसांच्या आरोग्यसेवेसाठी आहेत, पण घर, मुलांची शाळा आणि एकटेपणा यांबाबत पशुवैद्यक वेगळा नसतो.

दुर्गम दवाखान्याच्या डॉक्टरला सगळ्यात मोठी भीती असते ती विसरले जाण्याची. तीन वर्षांसाठी आलो आणि दहा वर्षे अडकलो, या गोष्टी प्रत्येक खात्यात ऐकू येतात. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. टंचाईच्या जागेवर तीन किंवा चार वर्षे पूर्ण करणाऱ्याला पुढची नेमणूक त्याच्या पसंतीच्या तीन जिल्ह्यांपैकी एकात मिळेल, अशी लेखी हमी दिली तर ती कित्येकांना भत्त्याहून मोलाची वाटेल. पदव्युत्तर शिक्षणासाठी काही जागा अशा सेवेतून आलेल्यांसाठी राखता येतील. सरकारच्या तिजोरीवर याचा भार जवळपास शून्य आहे.

घराचा प्रश्नही तसाच. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आता मुलींची संख्या लक्षणीय आहे. मोडकळीला आलेले निवासस्थान, पाणी नसलेले स्वच्छतागृह आणि रात्रीच्या कॉलला सोबत नाही, अशी अवस्था असेल तर कितीही भत्ता दिला तरी ती नेमणूक कागदावरच राहील. आडवे आलेले वासरू एकट्याने काढता येत नाही. त्याला दोन-तीन माणसांचे बळ लागते. दवाखान्यात व्रणोपचारक आणि परिचर नसेल तर डॉक्टरची पदवी अर्धी निकामी होते. तेव्हा एका डॉक्टरवर खर्च करताना त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या दोन हातांचा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

खासगी पशुवैद्यकालाही या योजनेत जागा हवी. टंचाईच्या यादीतल्या गावात दवाखाना थाटणाऱ्याला जिल्हा परिषदेने दरमहा ठरावीक मानधन द्यावे आणि त्या बदल्यात शेळी-मेंढीच्या मालकाकडून घ्यायची फी मर्यादित ठेवावी. जव्हारच्या पाड्यावरचे न जुळणारे गणित अशाने जुळू शकते. आणि दीर्घ पल्ल्याचा उपाय म्हणजे त्याच तालुक्यांतली मुले. कोरचीच्या किंवा चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन, पदवीनंतर पाच वर्षे आपल्या भागात काम करण्याचा करार घेतला, तर त्याला गोंडी किंवा कोरकू शिकवावी लागत नाही आणि पावसाळ्याची भीतीही घालावी लागत नाही.

शंका आणि त्यांची उत्तरे

सरकारी पगार घेणाऱ्याला पाठवाल तिथे गेलेच पाहिजे, मग वेगळे पैसे कशाला, हा आक्षेप नैतिकदृष्ट्या ठीक आहे. व्यवहारात मात्र सक्तीने गेलेला माणूस दिवस मोजत राहतो, रजा टाकतो, प्रतिनियुक्ती मिळवतो. एमबीबीएस झालेल्यांसाठी राज्यात एक वर्षाच्या सेवेचे बंधन आणि ते मोडल्यास दहा लाखांचा दंड आहे. तरी दुर्गम आरोग्य केंद्रांची ओढाताण संपलेली नाही. सक्ती माणसाला दारापर्यंत आणते, आत बसवायला काहीतरी आणखी लागते.

भत्ता घेऊन डॉक्टर तालुक्याच्या गावी राहील, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. त्यावर आता साधन उपलब्ध आहे. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि लसीकरण, उपचार, कृत्रिम रेतन यांची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्या क्रमांकावर होते. भत्ता हजेरीपटावर न देता या नोंदींवर द्यावा : किती गावांत उपचार झाले, किती जनावरांना वेळेत लस मिळाली. ग्रामसभेत वर्षातून एकदा ही आकडेवारी वाचून दाखवली तर खोटी नोंद फार काळ लपणार नाही. ज्याची गाय मेली, तो माणूस त्या सभेत समोरच बसलेला असतो.

राज्याने पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला, नवी पशुवैद्यकीय महाविद्यालये मंजूर केली, मोठी भरती काढली. दिशा योग्य आहे. महाविद्यालये वाढली की पदवीधर वाढतील, पण वाढलेले पदवीधर आपोआप सातपुड्याकडे किंवा इंद्रावतीकडे वाहत जाणार नाहीत. पाणी उताराकडे जाते आणि आज उतार शहराकडे आहे. तो उतार थोडा तरी बदलणे एवढेच सरकारच्या हाती असते. या भरतीतल्या नेमणुका देतानाच टंचाईच्या जागांची यादी आणि तिथल्या सेवेचा मोबदला जाहीर केला, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्याचा परिणाम दिसू शकेल. तो मुहूर्त हुकला तर ज्या दवाखान्यांना आज कुलूप आहे, त्यांतले बरेचसे भरतीनंतरही बंदच दिसतील.